जे त्याला लपवता येत नाही

सकाळी जिवाणू वाढवायच्या इन्क्युबेटरचं दार उघडलं की आत काय वाढलंय याचा अंदाज काही वेळा नाकालाच आधी येतो. स्युडोमोनास असेल तर पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास पसरतो. क्लेब्सिएला डोळ्यांना कळतो, मॅकॉन्की अगार या पोषक थरावर त्याच्या वसाहती गुलाबी, ओल्या आणि चिकट दिसतात. लूपने, म्हणजे तारेच्या छोट्या कडीने, एखादी वसाहत उचलली तर कधी कधी मागे लांबलचक तार येते. ॲसिनेटोबॅक्टर मात्र फिकट आणि मुकाट असतो. त्याला ना नजरेत भरणारा रंग, ना ओळखावा असा वास. तरीही अतिदक्षता विभागातल्या, व्हेंटिलेटरवर आठवडा काढलेल्या रुग्णाच्या श्वासनळीतला स्राव प्लेटवर लावला आणि दुसऱ्या दिवशी त्या फिकट वसाहती दिसल्या, की मशीनने नाव सांगण्याआधीच माझ्या पोटात गोळा येतो.

पुढचा रिपोर्ट कसा असेल हे मला माहीत असतं. मेरोपेनेमपुढे आर. इमिपेनेमपुढे आर. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम आर, ॲमिकासिन आर, सिप्रोफ्लॉक्सासिन आर. आर म्हणजे रेझिस्टंट, औषधाला न जुमानणारा. सगळ्यात खाली कोलिस्टिन. हे औषध १९७०च्या दशकात जवळपास बाजूला पडलं होतं, कारण ते मूत्रपिंडांना इजा करतं. दुसरं काही चालेनासं झालं तेव्हा ते पुन्हा कपाटाबाहेर आलं. त्याची चाचणी साध्या डिस्कने करता येत नाही. त्याचा रेणू मोठा आहे, अगारमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे द्रव माध्यमातल्या छोट्या छोट्या खळग्यांत वेगवेगळी मात्रा घालून बघावं लागतं. एवढा खटाटोप करूनही त्याच्यापुढे आता एस, म्हणजे सेन्सिटिव्ह, लिहिता येत नाही. चाचण्यांची मानकं ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेने २०२० मध्ये या जिवाणूंसाठी कोलिस्टिनचा एस हा वर्गच काढून टाकला. उरले दोनच, आय किंवा आर. या औषधाबद्दल डॉक्टरला देता येण्यासारखी सर्वांत चांगली बातमी म्हणजे आय. इंटरमीजिएट. मधलं काहीतरी.

मग फोन येतो. बहुतेक वेळा रात्रपाळी करून थकलेला एखादा निवासी डॉक्टर असतो. "मॅडम, काहीतरी सेन्सिटिव्ह आहे का हो?"

हा प्रश्न मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलाय की तो चुकीचा असू शकतो हे माझ्या कधी मनातच आलं नाही. त्या क्षणाला, त्या रुग्णासाठी, तो बरोबरच असतो. पण तो विचारला जाईपर्यंत खेळ बराच पुढे गेलेला असतो. फुप्फुसांत कोट्यवधी जिवाणू असतात, औषध त्यांच्यातल्या एखाद-दुसऱ्या यंत्रणेवरच वार करतं आणि त्या गर्दीत कुणी ना कुणी तो वार चुकवणारा निघतोच. पुढचा वंश त्याच्यापासून चालतो. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवलं होतं की अपुरी मात्रा दिली तर जिवाणू निर्ढावतील. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा निर्ढावलेल्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली आला. तो आकडा वाचताना मला माझ्या रिपोर्टांची चळत दिसली.

लसीचा विचार याच्या उलट टोकाला सुरू होतो. लसीने शिकवलेली प्रतिकारशक्ती जिवाणूला भेटते ती तो दारात असताना, संख्येने थोडा असताना. शिवाय एका प्रथिनाविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडंही (अँटिबॉडीज) त्याच्या अनेक भागांना एकाच वेळी चिकटतात. म्हणून प्रतिजैविकाला चकवणं जितकं सोपं पडतं, तितकं लसीला चकवणं जिवाणूला सहसा जमत नाही. पण मग लस कशाविरुद्ध करायची? या प्राण्याचं काय पकडायचं?

ॲसिनेटोबॅक्टर बाउमानीचा जीनोम, म्हणजे त्याची संपूर्ण जनुकीय संहिता, पहिल्यांदा माझ्या संगणकावर उतरवला ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. साधी मजकुराची फाइल. ए, टी, जी, सी ही डीएनएची चार अक्षरं, सुमारे ४० लाख वेळा. एका पानावर दोन हजार अक्षरं छापली तर दोन हजार पानांचा ग्रंथ होईल, त्यात ना परिच्छेद ना विराम. वर्षानुवर्षं ज्याला मी फिकट ठिपक्याच्या रूपात ओळखत होते, तो असा शब्दशः समोर उघडा पडला होता. मी बराच वेळ नुसती खाली सरकत राहिले. काहीच कळत नव्हतं, आणि तरी उठावंसं वाटेना.

या ग्रंथात एक जागा मला मुद्दाम शोधायची होती. २००६ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी रुग्णालयात साथ पसरवणाऱ्या एवायई नावाच्या वाणाचा जीनोम वाचला, तेव्हा त्यांना सुमारे ८६ हजार अक्षरांचा एक तुकडा सापडला. त्या एका तुकड्यात औषधांना दाद न देण्याची ४५ जनुकं दाटीवाटीने बसलेली होती. बहुतेक इतर जिवाणूंकडून उचललेली. तुलनेला घेतलेला दुसरा वाण माणसाच्या अंगावरच्या उवेतून मिळालेला होता, औषधांपुढे सहज मान टाकणारा. त्याच्यात हा खजिना नव्हता. म्हणजे माझ्या रिपोर्टातले आर बऱ्याच अंशी उसनवारीचे. उसनं घेतलेलं टाकता येतं, बदलता येतं, नवं आणता येतं. लस करायची तर ती या उसन्या मालावर बेतून चालणार नाही. जे त्याला टाकता येत नाही आणि जे त्याला आत लपवूनही ठेवता येत नाही, असं काहीतरी हवं.

असं शोधण्याची रीत रिनो रॅपुओली या इटालियन शास्त्रज्ञाने घालून दिली. पाश्चरपासून चालत आलेला मार्ग असा की जिवाणू वाढवायचा, मारायचा किंवा दुबळा करायचा आणि टोचायचा. मेंदूज्वर करणाऱ्या मेनिंजोकोकसच्या बी प्रकारापुढे हा मार्ग अडला होता. एरवी अशा जिवाणूच्या बाहेरच्या साखरेच्या आवरणापासून लस करतात. पण बी प्रकाराचं आवरण आपल्या चेतापेशींवरच्या साखरेसारखंच असतं. शरीर त्याला परकं मानत नाही, आणि मानायला लावलं तर स्वतःवरच हल्ला होण्याची भीती. मग रॅपुओलींच्या गटाने जिवाणूऐवजी त्याची संहिता घेतली. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी या जिवाणूची संपूर्ण संहिता १९९५ मध्ये वाचून झाली होती, स्वतंत्रपणे जगणाऱ्या सजीवाची ती पहिली. तेव्हापासून ही वाट मोकळी झाली होती. मेनिंजोकोकसच्या जनुकांतून संगणकाने पृष्ठभागावर असू शकतील अशी सुमारे ६०० प्रथिनं निवडली. त्यातली ३५० ई. कोलाय या जिवाणूत तयार करून उंदरांना टोचली. त्या उंदरांच्या रक्तातली प्रतिपिंडं मेनिंजोकोकसला मारू शकतात का हे पाहिलं, तेव्हा जेमतेम २८-२९ प्रथिनं उरली. हे सगळं २००० साली प्रसिद्ध झालं. अखेर तीन मुख्य प्रथिनं आणि न्यूझीलंडच्या एका वाणाच्या बाह्य पटलाचे, म्हणजे बाहेरच्या पापुद्र्याचे, कण मिळून बेक्सेरो ही लस झाली. तिला युरोपात मान्यता मिळाली २०१३ च्या जानेवारीत.

६००, ३५०, २८, ३ आणि तेरा वर्षं. हे आकडे मी माझ्या टेबलासमोर लावून ठेवले आहेत.

ॲसिनेटोबॅक्टरसाठी चाळणी लावायला बसले तेव्हा पहिला धडा मिळाला तो असा की 'एक जिवाणू' असं काही नसतंच. २००५ मध्ये स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टीचे आठ वाण शेजारी शेजारी ठेवून पाहिले गेले, तेव्हा प्रत्येक नव्या वाणाबरोबर आधी न दिसलेली जनुकं येतच राहिली. ॲसिनेटोबॅक्टर तर त्याहून बेभरवशाचा. म्हणून जगभरातून जमा झालेले शेकडो जीनोम घ्यायचे आणि सगळ्यांत सापडतात तीच जनुकं ठेवायची. हा त्याचा गाभा. इथेच उसना माल गळून पडतो.

मग विचारायचं, हे प्रथिन राहतं कुठे? प्रतिपिंडं पेशीच्या आत शिरत नाहीत, त्यांना बाहेर काहीतरी हाताला लागावं लागतं. पीसॉर्टबीसारखी संगणकी साधनं प्रथिनाच्या सुरुवातीच्या पत्त्यासारख्या खुणा वाचतात आणि ते आत राहणारं, पटलात बसणारं की बाहेर सोडलं जाणारं हे सांगतात. एकापेक्षा जास्त वेळा आतल्या पटलातून शिवण घातल्यासारखी जाणारी प्रथिनं बहुतेक जण वगळतात, कारण ती प्रयोगशाळेत वेगळी काढणं महाकठीण. त्यानंतर माणसाच्या सर्व प्रथिनांशी तुलना, कुठे साम्य दिसलं की ते बाद. मेनिंजोकोकसच्या आवरणाने शिकवलेला धडा तो हाच. काही जण आतड्यातल्या उपकारक जिवाणूंशीही ताडून पाहतात, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. मग ॲलर्जीची शक्यता, मग टी पेशी या प्रतिकारपेशींना दाखवले जातील असे तुकडे, आणि ते वेगवेगळ्या लोकसमूहांच्या एचएलए प्रकारांत, म्हणजे असे तुकडे टी पेशींपुढे धरणाऱ्या प्रथिनांच्या प्रकारांत, किती बसतात याचा हिशेब.

साडेतीन-चार हजार प्रथिनांवरून यादी अशी शंभरावर, मग वीसवर येते. शेवटी जी राहतात ती पाहताना मला दर वेळी एक गोष्ट जाणवते. त्यातली बरीचशी भुकेशी किंवा घरबांधणीशी जोडलेली असतात. आपलं शरीर लोह कुलूपबंद ठेवतं आणि जिवाणूला ते चोरावंच लागतं. त्यासाठी तो लोहाला धरणारे छोटे रेणू बाहेर सोडतो आणि ते परत आत घ्यायला पृष्ठभागावर दरवाजे ठेवतो. दरवाजा बंद केला तर उपासमार, उघडा ठेवला तर तो दिसणार. बामए नावाचं प्रथिन दुसऱ्या प्रकारचं. बाह्य पटलातली इतर प्रथिनं जागेवर बसवणारा हा गवंडी. तो काढला तर भिंतच उभी राहत नाही, आणि त्याचा काही भाग भिंतीबाहेर डोकावतोच. औषधांसमोर इतका निर्ढावलेला हा जीवही कुठेतरी नाइलाजाने उघडा आहे, हे पहिल्यांदा उमगलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण इथेच मला थांबून बोलायचंय, कारण या विषयावर येणाऱ्या लेखांचा ढीग मी गेली काही वर्षं वाचतेय. यादी करायची, तुकडे निवडायचे, ते छोट्या दुव्यांनी एकमेकांना जोडून एक नवं प्रथिन कागदावर बांधायचं. त्याची त्रिमितीय आकृती काढायची, टीएलआर४ या प्रतिकारपेशींवरच्या ग्राहीशी (रिसेप्टरशी) संगणकातच त्याची जोडी जुळवायची, प्रतिकारशक्तीचं आभासी गणित चालवून प्रतिपिंडांचा उंच जाणारा आलेख दाखवायचा, आणि 'प्रयोगशाळेत पडताळणी आवश्यक' या वाक्याने लेख संपवायचा. ती पडताळणी बहुतेक वेळा कुणीच करत नाही. टीएलआर४ ला काहीतरी चिकटतं म्हणून माणूस वाचत नाही. ही टीका मी बाहेरून करत नाही, माझी पहिली यादीही अशीच होती आणि ती मला फार आवडली होती.

प्रतिजन, म्हणजे शरीर ज्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं ते, ओळखणारं व्हॅक्सिजेन हे संगणकी साधन २००७ चं. जिवाणूंसाठी त्याला शिकवलं गेलं ते १०० माहीत असलेली प्रतिजनं आणि प्रतिजन नसलेली १०० प्रथिनं दाखवून. अमिनो आम्लांच्या गुणधर्मांवरून ते एक आकडा देतं आणि ०.४ च्या वर गेलं की 'प्रतिजन असण्याची शक्यता'. कल्पना सुरेख आहे, वापर सोपा आहे आणि मी ते रोज वापरते. पण ०.४१ आणि ०.३९ यांच्यामध्ये निसर्गाने रेघ ओढलेली नाही. आणि प्रतिजन असणं वेगळं, संरक्षण देणारं प्रतिजन असणं वेगळं. शरीर ज्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं ते सगळंच उपयोगाचं नसतं.

यातला सर्वांत जड धडा स्टॅफिलोकोकस ऑरियस (स्टॅफ) या जिवाणूचा. आयएसडीबी हे त्याचं लोह पळवणारं प्रथिन. पृष्ठभागावर, जवळपास सर्व वाणांत, उंदरांत संरक्षण देणारं. माझ्या चाळणीत ते पहिल्या पाचांत आलं असतं. त्यावर व्ही७१० ही लस झाली. छातीच्या शस्त्रक्रियेला जाणाऱ्या सुमारे ८,००० रुग्णांवर चाचणी झाली आणि २०११ मध्ये ती थांबवावी लागली. लसीने संसर्ग रोखले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, लस घेऊनही ज्यांना स्टॅफचा संसर्ग झाला त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण लस न घेतलेल्या संसर्गितांपेक्षा जास्त निघालं. पुढे २०२२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून एक उलगडा पुढे आला. स्टॅफ हा आपल्या नाकात, कातडीवर जन्मापासून ये-जा करणारा. शरीराने त्याच्याविरुद्ध आधीच प्रतिपिंडं बनवलेली असतात, त्यातली पुष्कळशी निरुपयोगी. लस टोचल्यावर शरीर नवं काही शिकत नाही, ती जुनी निरुपयोगी आठवणच पुन्हा जागी होते. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ उंदराला अशी आठवण नसते. जिवाणूची लाखो अक्षरं वाचून हे कळणार कसं? ते त्याच्या फाइलीत लिहिलेलंच नाही, ते रुग्णाच्या शरीरात लिहिलेलं आहे.

स्युडोमोनाससाठी ओपीआरएफ आणि ओपीआरआय या बाह्य पटलातल्या प्रथिनांची आयसी४३ ही लस तर थेट अतिदक्षता विभागातच, व्हेंटिलेटरवरच्या सुमारे ८०० रुग्णांना देऊन पाहिली. प्रतिपिंडं तयार झाली, मृत्यू कमी झाले नाहीत. २०१६ मध्ये तोही रस्ता संपला. या बातमीने मला खूप दिवस अस्वस्थ केलं, कारण ते रुग्ण माझे होते. म्हणजे अगदी तसेच, ज्यांचा स्राव रोज माझ्या टेबलावर येतो. लसीला शिकवायला आठवडे लागतात आणि शिकायला धडधाकट प्रतिकारशक्ती लागते. नळ्या घातलेल्या, शुद्ध हरपलेल्या माणसाकडे दोन्ही नसतं. मग लस द्यायची कुणाला? पुढच्या महिन्यात कोण अपघातात सापडणार, कुणाला व्हेंटिलेटर लागणार, हे कोण सांगणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जिवाणूंवरच्या लसींचा आढावा घेतला. चाचणीच्या टप्प्यावरच्या ६१ लसी त्यात होत्या, पण ॲसिनेटोबॅक्टर बाउमानीवरची लस नजीकच्या काळात येण्याची शक्यता फार कमी असंच त्यात म्हटलं होतं.

क्लेब्सिएलाच्या बाबतीत मात्र 'कुणाला' या प्रश्नाचं उत्तर दिसतं, आणि ते दिसलं तेव्हा मला खरंच बळ आलं. नवजात बाळांच्या रक्तात शिरणाऱ्या जिवाणूंत क्लेब्सिएला न्यूमोनी अग्रभागी आहे. बाळाला लस देऊन उपयोग नाही, त्याच्याकडे वेळच नाही. पण गरोदर आईला दिली तर तिची प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोचतात. कोण, हे माहीत आहे. केव्हा, हेही माहीत आहे. २०२३ मधल्या एका गणिती अभ्यासाचा अंदाज असा की ७० टक्के परिणामकारक लस गरोदर स्त्रियांना देता आली तर जगभरात वर्षाला सुमारे ८० हजार नवजात मृत्यू टळू शकतील. नवजात विभागातून येणाऱ्या बाटल्यांत रक्त फार थोडं असतं, जेमतेम एक मिलिलिटर. ती बाटली मशीनमध्ये 'पॉझिटिव्ह' म्हणून वाजते तेव्हाचा आवाज इतर आवाजांसारखाच असतो, पण मला तो वेगळा ऐकू येतो.

त्याच २०२३ मध्ये आलेल्या आणखी एका शोधनिबंधाने माझी सगळी यादीच बाजूला ठेवायला लावली होती. अमेरिकेतल्या एका गटाने कोणतंही जिवाणू-प्रथिन नसलेली लस बनवली. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, मोनोफॉस्फोरिल लिपिड ए आणि बुरशीच्या भिंतीतली एक साखर, एवढंच. तिने उंदरांची जन्मजात प्रतिकारशक्ती २४ तासांत जागी केली आणि रुग्णालयातल्या अनेक जिवाणूंपासून त्यांना जवळपास चार आठवडे वाचवलं. प्रतिजन शोधायचीच गरज नाही! दोन दिवस मी संगणक उघडला नाही. मग वाटलं, उंदरांच्या पुढे ही वाट कुठवर जाते ते अजून दिसायचंय, आणि काही आठवड्यांचं रक्षण आणि काही वर्षांचं रक्षण या दोन वेगळ्या गरजा आहेत. उद्या शस्त्रक्रिया असलेल्याला एक हवी. आईला दुसरी.

माझ्या यादीतलं वरून दुसरं प्रथिन एका मैत्रिणीने तिच्या प्रयोगशाळेत ई. कोलायमध्ये बनवून पाहिलं. फ्लास्कमध्ये प्रथिन भरपूर झालं, पण सगळं गोळा होऊन बसलं, न विरघळणारं. बाह्य पटलातल्या प्रथिनांचं हे नेहमीचंच दुखणं. युरियात विरघळवून, हळूहळू युरिया काढून घेत, त्याची घडी पुन्हा नीट बसावी म्हणून तिने सात महिने घालवले. माझ्या चाळणीला ते प्रथिन वर आणायला एक रात्र लागली होती. त्या सात महिन्यांनंतर मी यादीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. आता मी बाद झालेल्या प्रथिनांचीही वही ठेवते, प्रत्येकासमोर कारण लिहून. कुठल्या गाळणीत कोण अडकलं, आणि ती गाळणी मी किती विश्वासाने लावली होती. कधी तरी एखाद्या नावासमोर मी लिहिलेलं कारण मलाच पटत नाही, मग ते परत वर येतं.

आता तिच्याकडे नीट घडी बसलेलं प्रथिन आहे आणि त्याविरुद्ध उंदरांत तयार झालेली प्रतिपिंडं आहेत. पुढचा प्रश्न संगणकाला विचारण्यासारखा नाही. ॲसिनेटोबॅक्टर स्वतःभोवती साखरेचं जाड आवरण विणतो आणि त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. फाइल सांगते की प्रथिन पृष्ठभागावर आहे. पण त्या आवरणाखालून ते प्रतिपिंडांच्या हाताला लागतं का? खऱ्या रुग्णांतून आलेल्या, खऱ्या आवरणात गुरफटलेल्या वाणांवर पाहायला हवं.

म्हणून काल संध्याकाळी, परवानगीचे कागद हातात पडल्यावर, उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून बारा व्हायल काढल्या. आकड्यांखेरीज त्यांच्यावर काही लिहिलेलं नाही, कुणाचं नाव नाही. तरी त्यातल्या दोन-तीन मला आठवतात. बर्फासारख्या गोठलेल्या ग्लिसरॉलवर लूपचं टोक फिरवलं, प्लेटवर रेघा ओढल्या, प्रत्येक प्लेटवर तारीख घातली. इतकी वर्षं सकाळी दार उघडताना वाटायचं, आज यावर काही वाढलेलं नसू दे. रात्री साडेआठला बाराही प्लेटी ३५ अंशांना ठेवल्या आणि दार लावताना प्रत्येकीकडे एकदा वाकून पाहिलं, सगळ्या नीट उलट्या ठेवल्यात ना.